‘सेन्सरच गेलाय, चालवा!’ : गिअरबॉक्सचे सेन्सर आणि सुरक्षित ड्रायव्हिंगविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गॅरेजमध्ये हे वाक्य ऐकलं नाही असा गाडीवाला विरळा. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, मेकॅनिक स्कॅनर लावतो, कोड (गाडीने नोंदवलेला तक्रारीचा क्रमांक) पुसतो आणि म्हणतो, ‘काही नाही साहेब, सेन्सरच आहे.’ बऱ्याचदा त्याचं खरंही असतं. पण ऑटोमॅटिक गाडीत गिअर कोणता टाकायचा हे त्या सेन्सरच्या सांगण्यावरूनच ठरतं, हे त्या ‘सेन्सरच’मध्ये झाकून जातं. खालचे प्रश्न एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच आणि गिअर यंत्र हाताळतं), सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा), ड्युअल क्लच (सम आणि विषम गिअरांना वेगळे क्लच) आणि टॉर्क कन्व्हर्टर (तेलातून ताकद पोहोचवणारा) अशा सगळ्या प्रकारच्या ऑटोमॅटिक गाड्यांना लागू आहेत. मॅन्युअलवाल्यांसाठीही एक प्रश्न आहे.

गिअरबॉक्समध्ये सेन्सर असतात तरी कोणते?

गाडीगणिक यादी बदलते, पण मुख्य मंडळी ठरलेली आहेत. इंजिनाकडून गिअरबॉक्समध्ये किती फेरे येतात ते मोजणारा इनपुट स्पीड सेन्सर. चाकांकडे किती फेरे जातात ते मोजणारा आउटपुट स्पीड सेन्सर. तुम्ही लिव्हर पी (पार्किंग), आर (रिव्हर्स), एन (न्यूट्रल), डी (ड्राइव्ह) यांपैकी कुठे ठेवलाय ते सांगणारा रेंज सेन्सर. आपले मेकॅनिक त्याला सरसकट ‘न्यूट्रल स्विच’ म्हणतात. तेलाचं तापमान सांगणारा एक, तेलाचा दाब सांगणारे एक-दोन. एएमटीत क्लच किती दाबला गेलाय आणि आत गिअर कुठे बसलाय हे सांगणारे वेगळे.

या यादीत एक पाहुणा धरायलाच हवा : ब्रेक पेडलमागचा स्विच. तो गिअरबॉक्सचा भाग नाही, पण ‘ब्रेक दाबलाय’ हे त्याने सांगितल्याशिवाय बहुतेक ऑटोमॅटिक गाड्या पी मधून लिव्हर हलू देत नाहीत. मागचे ब्रेक लाइटही बहुधा त्याच्याच भरवशावर असतात. म्हणून ‘गाडी पी मधून निघत नाही’ अशी तक्रार असेल, तर आधी कुणाला तरी गाडीमागे उभं करून ब्रेक लाइट लागतात का ते बघायला सांगा. ते बंद असतील तर लिव्हरपेक्षा मागून येणाऱ्या ट्रकची काळजी आधी करायला हवी.

सेन्सर बिघडला म्हणजे आतमध्ये नेमकं काय होतं?

गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटला, म्हणजे त्याच्या छोट्या संगणकाला, रस्ता दिसत नाही, त्याला फक्त आकडे दिसतात. समजा इनपुटला मिनिटाला ३००० फेरे आहेत आणि आउटपुटला २०००. भागाकार दीड. चालू गिअरचं गुणोत्तर दीडच असेल तर सगळं ठीक. पण इनपुट सेन्सर मध्येच अडखळला आणि त्याने २२०० सांगितले, तर युनिटला वाटतं की चुकीचा गिअर पडलाय किंवा काहीतरी चुकतंय. आउटपुटवाल्याने कमी सांगितलं तर वाटतं क्लच घसरतोय. मग ते दाब वाढवतं, गिअर बदलतं, नाहीतर सरळ हात वर करतं.

पूर्ण मेलेला सेन्सर त्या मानाने सोपा. ‘इथून काहीच येत नाही’ हे युनिटला लगेच कळतं आणि ठरलेला बचावाचा मार्ग धरला जातो. त्रास देतो तो अर्धवट जिवंत सेन्सर. तो खोटं सांगतो, तेही अधूनमधून. खोटं पटण्याजोगं असलं की संगणक त्यावर विश्वास ठेवून निर्णय घेऊन टाकतो.

यातून खरंच अपघात होऊ शकतो, की उगाच घाबरवताय?

याचं सर्वांत बोलकं उदाहरण अमेरिकेतलं आहे. फोर्डच्या एफ-१५० पिकअपमध्ये सहा गिअरचा ६आर८० नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता. त्याच्या आत सेन्सरांचं वायरिंग वागवणारी एक प्लॅस्टिकची पट्टी असते. तिच्यातल्या दोषामुळे आउटपुट स्पीड सेन्सरचा निरोप क्षणभर तुटायचा. गाडी महामार्गावर धावतेय आणि संगणकाला मात्र वेगाचा पत्ता नाही. अशा वेळी गाडी आहे त्या वेगात थेट पहिल्या गिअरमध्ये उतरू शकत होती.

याचा अर्थ आकड्यांत बघा. त्या गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरचं गुणोत्तर ४.१७ आणि सहाव्याचं ०.६९ आहे, म्हणजे सुमारे सहापट फरक. सहाव्यात इंजिन १५०० फेऱ्यांवर निवांत फिरत असेल, तर त्याच वेगाला पहिल्या गिअरमध्ये त्याला ९००० फिरावं लागेल. ते काही तसं फिरणार नाही. ते चाकांना ओढून धरणार. ड्रायव्हरने ब्रेकला पाय लावलेला नाही, म्हणून मागे ब्रेक लाइटही नाही. मागच्याला काही कळायच्या आत पुढची गाडी दचकून मंदावते, मागची चाकं घसरूही शकतात.

फोर्डने २०१६ मध्ये २०११-१२ च्या एफ-१५० सह सुमारे २ लाख गाड्या परत बोलावल्या. २०१९ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या २०११ ते २०१३ च्या सुमारे १४.८ लाख एफ-१५० बोलावल्या. तेव्हा या दोषाशी संबंध असू शकेल असे ५ अपघात कंपनीच्या नोंदीत होते. २०२४ मध्ये २०१४ च्या मॉडेलची पाळी आली. मला यात सर्वांत लक्षणीय वाटतो तो उपाय : मुख्य दुरुस्ती सॉफ्टवेअरची होती. धावती गाडी डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात शून्यावर येऊ शकत नाही, तेव्हा एका सेन्सरच्या म्हणण्यावर पहिला गिअर टाकू नकोस, एवढं संगणकाला शिकवायचं होतं. सेन्सर आज ना उद्या चुकणार हे धरूनच यंत्र बनवायला हवं होतं.

दुसरी तऱ्हा २००९ मधली. फोक्सवॅगनने अमेरिकेत डीएसजी (तिच्या ड्युअल क्लचचं नाव) गिअरबॉक्सच्या काही गाड्या परत बोलावल्या. तापमान सेन्सरची वायर नीट दाबून बसवलेली नव्हती. तेल तापलेलं नसताना ‘फार तापलंय’ असा निरोप जायचा आणि गिअरबॉक्स जीव वाचवायला न्यूट्रलमध्ये जायचा. गिअरबॉक्सच्या दृष्टीने शहाणपणाचा निर्णय. महामार्गावर लेन बदलणाऱ्या माणसाच्या दृष्टीने नव्हे.

‘लिंप मोड’ म्हणजे काय? त्यात गाडी चालवू का?

लंगडत का होईना, घरी पोहोचण्याची सोय. युनिटचा आकड्यांवरचा विश्वास उडाला की जुन्या पद्धतीच्या टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाड्या एकाच मधल्या गिअरवर अडकून राहतात, बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या. तेलाचा दाब कमाल ठेवला जातो, म्हणून डी टाकताना दणका बसतो. ड्युअल क्लचमध्ये कधी फक्त विषम गिअर उरतात, कधी फक्त सम. रिव्हर्स ज्या बाजूला असतो ती बाजू बंद पडली तर रिव्हर्सही जातो. एएमटी काही वेळा न्यूट्रलवर येऊन थांबते आणि पुढे काही केल्या गिअर घेत नाही.

शहरात, सपाटीवर, हळू वेगाने जवळच्या गॅरेजपर्यंत नेणं चालतं. तिसऱ्या गिअरमध्ये अडकलेली गाडी घेऊन महामार्गावर शिरू नका. पिकअप नसलेल्या गाडीने ओव्हरटेक करायला जाणं हे रिकाम्या खिशाने लग्नाचा बस्ता बांधायला जाण्यासारखं आहे.

एक्सप्रेसवेवर असताना गाडी अचानक न्यूट्रल झाली तर?

ताशी १०० किलोमीटरला गाडी १० सेकंदांत सुमारे २८० मीटर जाते. याची चांगली बाजू अशी, की ओढ गेली तरी गाडीत वेग शिल्लक असतो. तो लेनमध्येच वाया घालवू नका. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, चारही इंडिकेटर लावा, आरसा बघा आणि तोच वेग वापरून डाव्या कडेला या. ॲक्सिलरेटर दाबत राहिल्याने इंजिन नुसतं बोंबलेल, आणि मध्येच गिअर पडला तर झटका बसेल तो वेगळा.

गाडी धावत असताना इग्निशन बंद करू नका. लोक मोबाइलच्या सवयीने ‘बंद करून चालू करू’ म्हणतात. इंजिन बंद झालं की पॉवर स्टीअरिंग जड होऊ शकतं, आणि व्हॅक्यूमवर चालणाऱ्या ब्रेकची मदत दोन-तीनदा दाबण्यापुरतीच उरते. पूर्ण थांबल्यावर, पी मध्ये, हँडब्रेक ओढून मग हवं ते करा.

कडेला थांबल्यावर गाडीत बसून फोन लावत बसू नका. डाव्या दारातून उतरा, सगळ्यांना कठड्यापलीकडे न्या. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, आणि कुठेही तातडीला ११२.

घाटात झालं तर?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण खंबाटकी, कसारा, वरंध, आंबोली टाळून आपल्याकडे फारसं कुठे जाता येत नाही.

चढ असेल तर गाडी मागे येण्याचा धोका. सेन्सर गडबडला की हिल होल्डवर (चढावर गाडी मागे येऊ न देणाऱ्या सोयीवर) विसंबता येत नाही. साध्या एएमटीत कित्येकदा तो नसतोच. पाय ब्रेकवर ठेवा, हँडब्रेक ओढा, मागच्याला जागा द्यायला हाताने खूण करा. गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका. एएमटीचा किंवा ड्युअल क्लचचा क्लच त्यात जळतो आणि सेन्सरच्या खर्चात क्लचची भर पडते.

उतार जास्त वाईट. न्यूट्रल झालेल्या गाडीला इंजिन ब्रेकिंग, म्हणजे इंजिनाच्या ओढीने मंदावणं, नसतं. सगळा भार पायाखालच्या ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापले की पकड सोडतात. म्हणून ‘पायथ्यापर्यंत जाऊ, तिथे गॅरेज आहे’ हा विचार पहिल्याच मिनिटाला सोडून द्या. ब्रेक गार आहेत तोवर, पहिली रुंद जागा दिसताच थांबा. चाकं डोंगराच्या बाजूला वळवा आणि चाकाला दगड लावा.

आणि निघताना तो दगड उचलून बाजूला टाका! घाटातल्या वळणावर असे किती दगड पडलेले असतात ते दुचाकीवाल्यांना विचारा.

धावत्या गाडीत एकदम खालचा गिअर पडला तर?

स्टीअरिंग सरळ, दोन्ही हातांत. लगेच जोरात ब्रेक नको. चाकं आधीच ओढली गेलेली असतात, त्यात ब्रेकची भर घातली की घसरण वाढते. लिव्हर एन वर सरकवा. बहुतेक गाड्यांत हे चालत्या गाडीत करता येतं, फक्त हात चुकून आर कडे जाऊ देऊ नका. ही हालचाल एकदा रिकाम्या मैदानात हळू वेगात करून बघा. ऐन वेळी खाली बघून लिव्हर शोधत बसणं परवडत नाही. मागे ब्रेक लाइट लागलेला नाही हे लक्षात ठेवून चारही इंडिकेटर लावा.

बंद करून चालू केली की गाडी बरी होते. मग दुरुस्त कशाला करायची?

कारण ती बरी होत नाही, विसरते. इग्निशन बंद केल्यावर युनिट पुन्हा सगळ्या सेन्सरांवर विश्वास ठेवून सुरुवात करतं. वायर तापल्यावर सुटत असेल तर गार झाल्यावर चिकटलेली असते, म्हणून पहिले वीस-पंचवीस किलोमीटर मजेत जातात.

माझी गाडी मॅन्युअल आहे. मला काय त्याचं?

तुमच्या गाडीतही रिव्हर्स लाइटचा स्विच, बऱ्याच गाड्यांत क्लचचा स्विच आणि स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणारी सोय) असेल तर न्यूट्रलचा सेन्सर असतो. कित्येक जुन्या गाड्यांत स्पीडोमीटरला वेग कळतो तो गिअरबॉक्सवरच्या सेन्सरमुळे. नव्या गाड्यांत हे काम सहसा चाकांवरच्या एबीएस (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सेन्सरांकडे असतं. काटा शून्यावर पडला तर नुसता वेगच कळेनासा होतो असं नाही. वेगानुसार हलकं-जड होणारं स्टीअरिंग विचित्र वागू लागतं, आपोआप लागणारी दारं लागत नाहीत. तुमच्या गिअरचा निर्णय मात्र तुमच्याच हातात राहतो. मॅन्युअलचा हा फायदा मोठा आहे, नाकारण्यात अर्थ नाही.

आधी कळेल अशी काही खूण?

एक खूण फारशी कुणी बघत नाही : रिव्हर्स टाकल्यावर मागचा पांढरा दिवा किंवा कॅमेरा कधी लागतो, कधी नाही. ऑटोमॅटिकमध्ये ही माहिती बहुधा रेंज सेन्सरकडूनच येते. तो झिजू लागला की डॅशबोर्डवरचं अक्षर आणि लिव्हरची जागा यांचा मेळ बसत नाही, गाडी पी मध्ये स्टार्ट होत नाही आणि एन मध्ये होते. क्वचित उलटंही घडतं, म्हणजे गिअरमध्ये असताना स्टार्टर फिरतो. तसं एकदा जरी झालं तरी गाडी वापरणं थांबवा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये समोर भिंत असेलच असं नाही, मूलही असू शकतं.

बाकीच्या खुणा ओळखीच्या आहेत : गिअर उशिरा पडणं, थांबताना पुढून कुणीतरी ढकलल्यासारखा झटका, क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) आपोआप सुटणं, स्पीडोमीटरचा काटा नाचणं.

सेन्सर बिघडतात कशामुळे?

बरेचदा सेन्सर बिघडलेलाच नसतो, त्याच्यापर्यंत जाणारी वायर बिघडलेली असते. आपल्याकडे यातला मोठा वाटा उंदरांचा. मी एकदा गणपतीत गावी दहा दिवस गाडी आंब्याखाली उभी ठेवली. परतीच्या वाटेवर गाडी तिसऱ्या गिअरच्या वर जाईना. गिअरबॉक्स उघडायच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या. शेवटी एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनने बॅटरीखालून हात घातला आणि कुरतडलेल्या दोन वायरी बाहेर काढल्या. सोबत अर्धी सुपारीही निघाली.

दुसरं कारण पाणी. तुंबलेल्या रस्त्यातून गाडी काढली की कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये) ओल राहते, पिना हिरव्या पडतात, आणि तक्रार पावसाळा संपल्यावर उभी राहते. तिसरं, तेल. गिअरबॉक्सचं तेल वायरीच्या आतून वातीसारखं चढतं आणि कपलरपर्यंत, कधी थेट युनिटपर्यंत पोहोचतं. चौथं कारण गंमतीशीर आहे : स्पीड सेन्सरच्या टोकाला चुंबक असतं. गिअर झिजून तेलात आलेला लोखंडाचा कीस त्यावर जमतो आणि सेन्सरला दात मोजता येईनासे होतात. अशा वेळी दोष सेन्सरचा नसतो. तो कीस आला कुठून, हे विचारायला हवं.

स्कॅनरवर पी०७०० आला. याचा अर्थ काय?

जवळजवळ काहीच नाही. ‘गिअरबॉक्सच्या युनिटकडे तक्रार आहे, त्याला विचारा’ एवढंच इंजिनचं युनिट सांगतंय. स्वस्तातले ब्लूटूथ स्कॅनर बहुधा इंजिनशीच बोलतात, म्हणून त्यांना पुढचं दिसत नाही. खरा कोड गिअरबॉक्सच्या युनिटमध्ये असतो : पी०७०५ रेंज सेन्सर, पी०७१० तेलाचं तापमान, पी०७१५ इनपुट स्पीड, पी०७२० आउटपुट स्पीड, पी०७०३ ब्रेक स्विच. आणि कोड म्हणजे निदान नव्हे. पी०७१५ ‘इनपुट सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड’ म्हणतो. सर्किटमध्ये वायर, कपलर, अर्थिंग आणि युनिट सगळे आले.

कोड पुसण्याआधी फोटो काढून ठेवा. तक्रार नोंदली तेव्हाचा वेग, तापमान, इंजिनाचे फेरे हेही पुष्कळदा सोबत साठवलेलं असतं. ते पुसलं की मेकॅनिकला अंदाजाने काम करावं लागतं, आणि तो अंदाज आपल्या पैशाने चालतो.

सेन्सर बदलला, तरी तोच कोड. आता?

आधी बॅटरी. उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ असायला हवेत. बॅटरी म्हातारी झाली की चार सेन्सरांचे कोड एकदम येतात. चारही एका दिवशी मरत नसतात. मग बॉडीची अर्थिंगची पट्टी, फ्यूज, कपलर. त्यानंतर गाडी चालवत असताना स्कॅनरवर थेट आकडे बघायचे. इनपुटचा आकडा खड्ड्यातून जाताना शून्याला टेकून येत असेल तर वायर हलतेय. गिअरबॉक्स उतरवण्याची गोष्ट हे सगळं झाल्यावर.

काही गाड्यांत सेन्सर वेगळा मिळतच नाही, आतल्या प्लेटचा किंवा युनिटचा भाग असतो. एएमटी आणि ड्युअल क्लचमध्ये भाग बदलल्यावर युनिटला नव्याने ओळख करून द्यावी लागते. ती सोय ज्या गॅरेजकडे नाही, त्यांनी ‘बघू, बसून जाईल’ म्हटलं तर गाडी तिथून उचला.

टो करून न्यायची असेल तर?

फ्लॅटबेड (गाडी पूर्ण वर चढवून नेणारा ट्रक) मागवा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा तेलाचा पंप सहसा इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून गाडी ओढली तर चाकं आतले भाग कोरडे फिरवतात. दोरी बांधून नेणारे मदतीला तत्पर असतात, पण त्यांना नम्रपणे नाही म्हणा.

विमा, वॉरंटी, रिकॉल?

नेहमीच्या विम्यात यांत्रिक किंवा विद्युत बिघाड येत नाही. वॉरंटी असेल तर झटका पहिल्यांदा बसला त्याच दिवशी जॉब कार्डवर लेखी नोंद करून घ्या. तोंडी तक्रारीला किंमत नाही.

रिकॉलसाठी आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०अ आलं आणि त्याखालचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सुरक्षेशी संबंधित दोष असेल तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. गाडी सात वर्षांहून जुनी नसावी. कंपनीच्या संकेतस्थळावर चॅसिस नंबर टाकून आपली गाडी यादीत आहे का बघायला दोन मिनिटं लागतात. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी तर हे व्यवहाराआधीच करावं, कारण रिकॉलचं पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर गेलेलं असू शकतं.

इलेक्ट्रिक गाडीत ही कटकट नाही ना?

गिअर बदलण्याची नाही. पण मोटरचा रोटर कुठे आहे हे सांगणारा सेन्सर आणि पार्किंगचं लॉक तिथेही असतं. रोटरचा सेन्सर बिघडला तर ओढ जाऊ शकते. मग वरचं एक्सप्रेसवेचं उत्तर तसंच्या तसं लागू.

दुरुस्तीनंतर गाडी ताब्यात घेताना काय बघू?

मेकॅनिकला शेजारी बसवा आणि गार गाडी नव्हे, तापलेली गाडी चालवा. अर्धा तास तरी, एखादा चढ धरून. पी, आर, एन, डी प्रत्येक जागी थांबून डॅशबोर्डवरचं अक्षर जुळतंय का बघा. आर टाकून मागचा दिवा तपासा. ब्रेक घट्ट दाबून, समोर कुणी नाही हे पाहून, डी आणि आर मध्ये असताना स्टार्ट करण्याचा प्रयत्न करा. स्टार्टर फिरता कामा नये. शेवटी पुन्हा स्कॅनर लावा आणि कोड नाहीत हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. बदललेला जुना सेन्सर मागून घ्या. तो डिकीत टाकून ठेवा, कारण त्याच्या अंगावरचा पार्ट नंबर पुढच्या वेळी कामाला येतो.